क्रॅक कोकेनचं व्यसन : आठव्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंत

महाराष्ट्रातल्या घरांना दारूचं व्यसन माहीत आहे, गर्द (म्हणजे ब्राउन शुगर) माहीत आहे आणि गेल्या काही वर्षांत एमडी (मेफेड्रोन) हेही माहीत झालं आहे. क्रॅक कोकेन त्या मानाने नवीन. मुंबई-गोव्याच्या पार्ट्यांतून कोकेनच्या पावडरीकडे आणि तिथून क्रॅककडे वळलेला मुलगा, किंवा लंडन-न्यूयॉर्कमध्ये शिकायला गेलेली आणि तिकडे अडकलेली मुलगी घरी परत येते, तेव्हा घरचे लोक दारूच्या अनुभवावरून अंदाज बांधतात : पंधरा दिवस ॲडमिट करू, सलाईन लावू, शरीर स्वच्छ होईल, मग गोळ्या चालू राहतील.

या नशेत हा हिशोब चुकतो. क्रॅक बंद केल्यावर हातपाय थरथरत नाहीत, उलट्या होत नाहीत. आठव्या दिवशी माणूस नीट जेवतो, हसतो, अंगावर थोडं मांसही चढतं. घरचे त्याला घेऊन येतात आणि विसाव्या-पंचविसाव्या दिवशी तो पुन्हा गायब होतो. हा लेख मुख्यतः त्या आठव्या आणि नव्वदाव्या दिवसाच्या मधल्या काळासाठी आहे. पण तिथपर्यंत पोचायला आधी काही पायऱ्या चढाव्या लागतात.

आधी हे नेमकं काय आहे

पावडर आणि क्रॅक यांच्यात द्रव्य एकच, कोकेन. पावडर तापवली तर बरीचशी जळून वाया जाते, म्हणून ती नाकाने ओढतात. क्रॅक म्हणजे त्याच कोकेनचा पांढरट-पिवळसर खडा. तो कमी उष्णतेवर वाफ होतो, म्हणून ओढता येतो. तापताना तडतड आवाज येतो, त्यावरूनच हे नाव पडलं.

फरक आहे तो वेगाचा. नाकाने घेतलेल्या पावडरीचा अंमल चढायला काही मिनिटं लागतात आणि तो साधारण १५ ते ३० मिनिटं टिकतो. क्रॅकचा धूर फुप्फुसातून थेट मेंदूत जातो. ८-१० सेकंदांत अंमल चढतो आणि ५ ते १० मिनिटांत उतरतो. आनंदाची जाणीव देणारं डोपामिन मेंदूतल्या पेशी सोडतात आणि काम झालं की परत गोळा करतात. कोकेन ही परतीची वाट अडवतं, त्यामुळे डोपामिन साचत जातं. अंमल उतरला की माणूस नेहमीच्या पातळीवर थांबत नाही, तिच्याही खाली जातो. तिथून वर यायला त्याला एकच उपाय ठाऊक असतो.

एक रात्र डोळ्यांसमोर आणा. अकराला पहिला खडा. सव्वाअकराला दुसरा, कारण पहिला उतरला. बारापर्यंत जवळचे संपले. मग फोन, मग पैसे, मग पुन्हा. पहाटे चारला तो फरशीवर गुडघे टेकून पांढरे कण शोधत असतो, मीठ असो, चुन्याचा पोपडा असो, उचलून बघतो. पहिल्या खड्याइतकी मजा नंतरच्या एकाही खड्याने दिलेली नसते, हे त्यालाही कळत असतं. घरच्यांनी हे समजून घेतलं तर 'तुला कळत नाही का?' हा प्रश्न आपोआप गळून पडतो. प्रश्न कळण्याचा नाहीच.

'आमचा फक्त पार्टीत पावडर घेतो, तसलं रस्त्यावरचं नाही,' असं चांगल्या घरांतून ऐकू येतं. हा भेद रसायनाने केलेला नाही. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला आणि ५०० ग्रॅम पावडरीला सारखीच, किमान पाच वर्षांची शिक्षा ठरवली होती. २०१०मध्ये तिथल्या संसदेने हे प्रमाण १०० पटींवरून १८ पटींवर आणलं. क्रॅक गरिबांचं आणि पावडर पैसेवाल्यांची, ही समजूत त्या काळात घट्ट झाली आणि आपल्याकडेही आली. पावडर घेणाऱ्याला जादा वेगाची ओढ लागली की क्रॅक फार दूर नसतं.

पायरी १ : खात्री करून घ्या

अंगठा आणि तर्जनीच्या टोकाला भाजल्याचे डाग, फुटलेले किंवा फोड आलेले ओठ, खोलीत तीन-चार लायटर (आणि माणूस सिगारेट ओढत नाही), टोकाला काळी झालेली लहान काचेची नळी, भांडी घासायच्या तारेच्या घासणीचे तुकडे. दोन-तीन रात्री झोप नाही, मग सलग अठरा-वीस तास झोप. वजन झरझर उतरतं. पुढच्या टप्प्यात संशय : कोणी पाळत ठेवतंय, पडद्यामागे माणूस आहे, कातडीखाली किडे फिरतायत. खाजवून खाजवून हातावर जखमा होतात.

सर्वांत बोलका पुरावा बहुतेक वेळा बँकेच्या स्टेटमेंटमध्ये सापडतो. दारू पिणाऱ्याचा खर्च एकरकमी दिसतो. इथे रात्री १:१०ला दोन हजार, १:५०ला दोन हजार, २:३५ला पुन्हा, अशी यूपीआयची रांग लागते.

लपून लघवीची चाचणी करण्याच्या भानगडीत पडू नका. कोकेनचे अंश साधारण २ ते ४ दिवसच दिसतात, रोज घेणाऱ्यात थोडे जास्त. शिवाय मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बहुतेक किटमध्ये एमडी कळतच नाही, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होणं महागात पडतं. आणि चोरून घेतलेल्या नमुन्याने जो विश्वास जातो, तो पुढे उपचारात फार लागणार असतो.

पायरी २ : जिवाला धोका केव्हा, हे पाठ करून ठेवा

छातीत दुखणं. वय पंचवीस असलं तरी. कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २४ पटींनी वाढतो, असं १९९९च्या एका अभ्यासात दिसलं. 'ॲसिडिटी असेल' म्हणून इनो पाजत बसू नका. १०८ला फोन करा किंवा थेट गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात न्या, आणि दारातच डॉक्टरांना सांगा : कोकेन घेतलंय, अमुक वाजता, सोबत दारू होती की नाही. हे लपवणं फार धोक्याचं आहे, कारण छातीत दुखणाऱ्या रुग्णाला एरवी दिली जाणारी काही औषधं, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातली, कोकेन अंगात असताना टाळावी लागतात. दारूचा उल्लेखही महत्त्वाचा. कोकेन आणि दारू एकत्र आली की यकृतात कोकाएथिलीन तयार होतं, ते शरीरात जास्त वेळ राहतं आणि हृदयाला जास्त त्रास देतं.

अंग भट्टीसारखं तापलं, माणूस बडबडतो, ओळखत नाही : हीही तातडीची वेळ. पंखा लावा, अंगावरचे कपडे कमी करा, ओल्या कपड्याने पुसत राहा आणि गाडी बोलवा. चार जणांनी मिळून त्याला दाबून धरलं तर ताप आणखी चढतो. खोलीत एकच शांत माणूस ठेवा.

फिट्सचे झटके आले तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, वेळ मोजा. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका.

परदेशातल्यांसाठी एक जादा गोष्ट. अमेरिकेत कोकेनमध्ये फेंटॅनिल, म्हणजे अफूच्या जातीचं पण कितीतरी जहाल द्रव्य, मिसळलेलं सापडतं. माणूस निळसर पडला, श्वास मंदावला तर नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा जीव वाचवतो. कोकेनवर त्याचा परिणाम नसतो, पण मिसळलेल्या फेंटॅनिलवर असतो. म्हणून तो घरात असू द्या.

पायरी ३ : बोलायचं कधी आणि काय

अंमल चढलेला असताना नाही. उतरून कोसळलेला असताना नाही. झोप झाली, पोटात काही गेलं, की मग. एकाच माणसाने बोलावं, ज्याचं तो ऐकतो त्याने. काका, मामा, शेजारचे साठे आणि गावाकडचे भाऊजी अशी बैठक भरवली की तो फक्त सुटकेचा रस्ता शोधतो.

शपथ घालू नका, आईच्या डोक्यावर हात ठेवायला लावू नका. शपथ मोडली की शरम वाढते आणि शरमेवर त्याला एकच औषध माहीत आहे. 'कायमचं सोड' हेही मागू नका. मागणी एकच ठेवा, छोटी आणि तारखेसकट. धाकटी बहीण असं म्हणू शकते : 'दादा, सोमवारपासून तू तीन रात्री झोपला नाहीस. काल तुझ्या छातीत धडधडत होतं, मी घाबरले. गुरुवारी अकराला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी सोबत येते. पुढचं तिथे बोलू.' डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं, आरोप करायचा नाही, आणि पुढचं पाऊल तयार ठेवायचं. होकार आणि अपॉइंटमेंट यांच्यात दोन दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर होकार विरतो.

उधारी फेडण्याचा प्रश्न इथेच येतो. 'दमदाटी करतायत, पन्नास हजार द्या, मग सोडतो.' दिलेले पैसे बहुतेक वेळा त्याच रस्त्याने जातात. समुपदेशकाशी बोलल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. जेवण, औषध, रिक्षाचं भाडं हे स्वतः द्या, हातात रोकड नको.

पायरी ४ : कुठे जायचं

पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञाची, केंद्राची नंतर. कारण आधी हे बघावं लागतं की नैराश्य आहे का, सोबत दारू किंवा गर्द आहे का, हृदयाची तपासणी लागेल का. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात हे कमी खर्चात होतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. मुंबईत केईएम रुग्णालयात व्यसनमुक्ती केंद्र आहे. गोव्यात बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला १४४४६वर फोन करा, तो निःशुल्क आहे.

निवासी उपचारांसाठी पुण्याचं मुक्तांगण महाराष्ट्राला ठाऊक आहेच. १९८६मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून. मुंबईत १९८१पासून कृपा फाउंडेशन काम करतं. नार्कोटिक्स ॲनॉनिमस या नशा सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभा मोठ्या शहरांत भरतात, त्यांना फी नसते.

ब्रिटनमध्ये राहत असाल तर आपल्या भागातल्या सरकारी व्यसनमुक्ती सेवेत थेट जाऊन नाव नोंदवता येतं, उपचार मोफत असतात. फ्रँक ही हेल्पलाइन ०३०० १२३ ६६०० या क्रमांकावर आहे. अमेरिकेत १-८००-६६२-४३५७ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि नाव गुप्त राहतं.

कायद्याच्या भीतीने बरीच घरं पहिलं पाऊलच टाकत नाहीत. १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात कोकेनचं सेवन गुन्हा आहे (कलम २७, एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही). पण त्याच कायद्याचं कलम ६४-अ सांगतं की सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असेल तर तिच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. कोकेनची अल्प मात्रा म्हणजे २ ग्रॅमपर्यंत. उपचारांचे कागद, तारखा, पावत्या एका फाइलमध्ये जपून ठेवा. गुन्हा दाखल झाला असेल तर वकिलाला हे कलम दाखवा.

आता केंद्राची निवड. 'रात्री गाडी पाठवतो, उचलून आणतो' म्हणणाऱ्या केंद्राला तिथेच नाही म्हणा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी निगडित मनोविकार येतात आणि साखळदंडाने बांधायला पूर्ण मनाई आहे. संमतीशिवाय दाखल करायचं तर कलम ८९ लागतं : दोन तज्ज्ञांनी, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासलेलं हवं, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. मारहाण करणारी, फोन तोडून टाकणारी, भेटू न देणारी केंद्रं आहेत. तिथून सुटलेला माणूस दुसऱ्यांदा कुठल्याच केंद्राची पायरी चढत नाही.

भेट दिल्यावर हे विचारा : नोंदणीचा कागद भिंतीवर लावलाय का? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस येतात? रात्री डॉक्टर लागला तर काय करता? दारू आणि गर्दशिवाय कोकेन किंवा एमडीचे रुग्ण सांभाळले आहेत का? घरच्यांसाठी वेगळे गट आहेत का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घरी गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी त्याने काय करायचं? या शेवटच्या प्रश्नावर वेळ, वार आणि माणसाचं नाव यांसह उत्तर मिळालं तर केंद्र चांगलं. 'मग तुम्ही लक्ष ठेवा' असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

पायरी ५ : पहिले दहा दिवस

पहिले तीन-चार दिवस माणूस झोपतो आणि खातो. खाऊ द्या, झोपू द्या. त्यानंतर उदासी येते. कशातच रस नाही, चिडचिड, भयानक स्वप्नं. शरीराला मोठा धोका नसतो, पण मनाला असतो : या दिवसांत आत्महत्येचे विचार येऊ शकतात. सरळ विचारा, 'मरावंसं वाटतंय का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६वर, चोवीस तास मराठीत बोलता येतं.

रोजची दारूही असेल तर चित्र बदलतं. दारू अचानक बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत झटके आणि भ्रम येऊ शकतात आणि त्याने जीव जातो. गर्द असेल तर टर्कीसाठी (गर्द बंद केल्यावर होणाऱ्या त्रासासाठी) औषधं आहेत. म्हणून डॉक्टरांना सगळी नशा सांगा, फक्त मोठी वाटते ती नको.

पायरी ६ : उपचारांत नेमकं काय असतं

'एखादी गोळी द्या' ही मागणी समजण्यासारखी आहे. पण गर्दसाठी जशी ब्युप्रेनॉर्फिन असते, तसं कोकेनची तलफ थांबवणारं मान्यताप्राप्त औषध आजतागायत नाही. डायसल्फिराम, टोपिरामेट, मोडाफिनिल वगैरे वापरून पाहिली गेली, परिणाम भरवशाचे मिळाले नाहीत. डॉक्टर झोप, नैराश्य किंवा भ्रमासाठी औषध देतील, ते नीट घ्यावं. मूळ काम मात्र बोलण्याचं, सवयींचं आणि दिनक्रमाचं आहे.

कोकेनच्या बाबतीत सगळ्यात भक्कम पुरावा बक्षीसपद्धतीचा आहे. आठवड्यातून दोन-तीनदा लघवीची चाचणी, उघडपणे, रुग्णाच्या संमतीने. चाचणी स्वच्छ आली की त्याच दिवशी कूपन. सलग स्वच्छ आल्या तर कूपनची किंमत वाढत जाते. एखादी बिघडली तर शिक्षा नाही, ओरडा नाही, फक्त किंमत पुन्हा पहिल्या पायरीवर येते. 'नशा न करण्यासाठी लाच?' असं अनेकांना वाटतं. पण ज्या मेंदूला दहा सेकंदांत मिळणाऱ्या मोबदल्याची सवय लागली आहे, त्याला 'पाच वर्षांनी आयुष्य सावरेल' हे ऐकूच येत नाही. छोटं, खात्रीचं आणि आजचं असं काही लागतं. आपल्याकडे ही पद्धत थोड्याच ठिकाणी आहे. समुपदेशकाच्या देखरेखीखाली घरगुती रूप करता येतं : स्वच्छ आठवड्याला जिमची फी, बुटांचा जोड, आवडीचं जेवण. चाचणी केंद्रात, बक्षीस घरातून. आईने चाचणी घ्यायची नाही, तिचा पोलीस होतो.

दुसरा भाग म्हणजे विचार-वर्तन उपचार. तलफ कशाने पेटते ते एकेक करून वहीत उतरवायचं : लायटरचा आवाज, पगाराचा मेसेज, ठरावीक मित्राची स्टोरी, शनिवारची संध्याकाळ. प्रत्येकासमोर आधीच ठरवलेली कृती लिहायची. तलफ लाटेसारखी येते, चढते आणि साधारण अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो : खोलीबाहेर पडून, चालत, कोणाशी तरी फोनवर बोलत.

पायरी ७ : घरी आल्यावर

एकूण उपचार ९० दिवसांपेक्षा कमी असले तर फारसा टिकाऊ फायदा होत नाही. केंद्रातले तीस-पस्तीस दिवस म्हणजे त्यातला तिसरा हिस्सा. उरलेले दिवस घरात काढायचे असतात, त्यांची तयारी तो घरी यायच्या आधी व्हायला हवी.

सिम बदला, जुने नंबर त्याच्याच हाताने काढू द्या. यूपीआयची रोजची मर्यादा त्याच्या संमतीने पाचशेवर आणा. पगार पहिले तीन महिने जोडखात्यात. कार्ड घरात. कामावरून येण्याचा रस्ता बदला, तो पाऊण तास लांबला तरी. काचेच्या नळ्या, लायटर, त्या खोलीतला जुना गालिचा, सगळं बाहेर. शक्य असेल तर खोलीच बदला. दारूही बंद, 'फक्त एक बिअर' सुद्धा, कारण दोन पेगनंतर ठरवलेलं काही आठवत नाही आणि हात जुन्या नंबराकडे जातो.

संध्याकाळी सहा ते अकरा हे तास आधीच भरून ठेवा. आठवड्यातून किमान एक समुपदेशन आणि दोन-तीन गटसभा. झोपेची वेळ ठरलेली. उपाशीपोटी, रागात, एकटं आणि थकलेलं असताना घसरण जास्त होते. मुलगा ऑफिसमधून भांडून, दुपारचा डबा न खाता घरी आला असेल तर आधी ताट वाढा, विचारपूस मागाहून.

घसरला तर

बऱ्याच जणांची एखादी स्लिप होते. ती चोवीस तासांत उघड झाली तर आवरता येते, आठवडाभर लपली तर आधीचं चक्र पुरतं सुरू होतं. म्हणून आधीच लिहून ठेवा आणि फ्रिजवर लावा : स्लिप झाली तर पहिला फोन कोणाला, दुसरा कोणाला, आणि घरचे त्या रात्री काय बोलणार नाहीत. छातीत दुखतंय का, ताप आहे का ते बघा. उरलेला माल त्यालाच सांडपाण्यात टाकू द्या. फोन आणि कार्ड रात्रीपुरतं मागून घ्या. किती घेतलं, कोणाबरोबर, का, हे आज विचारू नका. सकाळी समुपदेशकाकडे जायचंय. रात्रभर झोप झाली नसली, तो नको म्हणत असला, तरी अंघोळ, चहा आणि साडेनऊची रिक्षा.